एका हाताची बाटली

प्रिय माऊ,

सकाळी फोनवर ‘साचा थांबव, बाकीचं पत्रात’ एवढंच बोलून मी फोन ठेवला, तेव्हापासून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड बाई. तुझ्या जागी मी असते तर फोनच भिंतीवर फेकला असता. जिच्या सांगण्यावरून बाटली बदलली, तीच आई ऐन वेळी ‘थांबव’ म्हणते आणि कारण सांगत नाही, म्हणजे काय! पण थांबवलास ना? नसशील, तर हा कागद आहे तिथेच ठेव, आधी साचेवाल्याला फोन कर आणि मग पुढे वाच. एकदा पोलादात आकार कोरला की तो पुन्हा भरून काढता येत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा मी म्हटलं होतं की आमच्याकडे कापलेले केस निदान वाढतात तरी.

पत्र नमुन्यांच्या खोक्यात घालून तुमच्या कंपनीच्या गाडीवाल्याच्या हाती देणार आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुझ्या टेबलावर येईल. अक्षराकडे बघून नाक मुरडू नकोस. आज पार्लर बंद ठेवलंय. दारावरची पाटी उलटी केली आणि बेसिनपाशी, तुझ्या त्या उंच स्टुलावर बसून लिहितेय. मैनाला घरी पाठवून दिलं. जाताना तिने दहादा मागे वळून पाहिलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. जिच्या बडबडीमुळे आपण तिला मैना म्हणतो ती गप्प बसली, यावरूनच काय ते ओळख.

हे स्टूल आठवतं ना तुला? शाळेतून आलीस की दप्तर भिरकावून यावर चढून बसायचीस आणि माझे हात बघायचीस. अभ्यास कर म्हणून किती ओरडले, पण तू हलायची नाहीस. डाव्या हाताने मी भांग पाडत जायचे, उजव्या हातात बाटली. तेव्हाच्या त्या बाटल्या! फिरकीचं झाकण उघडायला दोन हात हवेत, म्हणून झाकण मी दातात धरायचे आणि गिऱ्हाइकाशी तसंच बोलायचे. तू हसून हसून लोळायचीस. नोकरीला लागल्यावर पहिल्याच कामात तू साहेबांना सांगितलंस की मला एका हाताची बाटली करायची आहे, कारण दुसरा हात केसांत असतो. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी ‘बरं’ एवढंच म्हणून विषय बदलला होता. रात्री तुझ्या बाबांना मात्र झोपू दिलं नव्हतं.

आणि बाटल्या तू केल्यासही तशाच. कोरड्या डोक्याची गोल खांद्याची, मऊ, तीन दातांच्या टोकाची. केस बाजूला सारत ते टोक कातडीपर्यंत पोचतं आणि ते दुधासारखं लोशन जिथे खपल्या धरल्यात तिथेच उतरतं. तेलकट डोक्याची कमरेत बारीक, लांब चोचीची, जाड अंगाची. त्यातलं औषध पाण्यासारखं पातळ आणि झणझणीत, त्यामुळे ते थेंबाथेंबानेच यायला हवं. डोळ्यांत फेस गेलेला असला, तरी नुसत्या हाताला कळावं कोणती कुठली. आपल्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या डोक्यात वर्षानुवर्षं कोंड्याचा पाऊस. महिनाभर कोरडीतलं लावलं, तर परवा काळी साडी नेसून आल्या आणि खांदे दाखवत पार्लरभर फिरल्या. त्या बाटलीबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, लक्षात घे. तक्रार फक्त तेलकटीबद्दल होती.

तक्रार कसली, मी तुझ्या डोक्यावर मिऱ्याच वाटल्या. पहिला नमुना आला तेव्हा कळवलं की ही बाटली आहे की दगड, अंगठा मोडायची वेळ आली. तू अंग थोडं पातळ करून दुसरा पाठवलास. मी म्हटलं, अजून दगडच. तुमच्या प्रयोगशाळेतले लोक सांगत होते की जाडी बरोबर आहे, पातळ केली तर औषध धार धरेल. तुमचे ते इस्त्रीसाहेब, ज्यांच्या शर्टावर सुरकुती पडायला भिते, ते तर म्हणाले की एका पार्लरवालीच्या अंगठ्यावर कंपनी चालत नाही. आणि तू भर बैठकीत त्यांना उत्तर दिलंस की माझ्या आईच्या हातांखालून जेवढी डोकी गेलीत तेवढी तुम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली नसतील. ‘ठीक आहे, पण जबाबदारी तुमची,’ असं म्हणून त्यांनी तुझी सही घेतली. हे तू मला फोनवर किती अभिमानाने सांगितलंस, माऊ. आणि तिसरा नमुना हातात आल्यावर मी म्हटलं, आता कुठे जमलं. त्या माझ्या ‘जमलं’वर तू साचा कापायला दिलास.

आता कालचं ऐक. दुपारी बेकरीवाली आली होती. भट्टीपाशी उभी राहून तिचं डोकं संध्याकाळपर्यंत तेलाने निथळतं, तुला माहीतच आहे. एरवी तिला मीच बघते, पण मी दुसऱ्या खुर्चीपाशी होते, म्हणून तेलकटीचा तिसरा नमुना मैनाने हातात घेतला. तिने भांग पाडला, चोच टेकवली, आणि पुढच्याच क्षणी बेकरीवाली किंचाळली. थेंब नव्हे, धारच लागली होती. कपाळावरून सरळ डोळ्यांत. तिला ओढतच बेसिनपाशी नेलं, डोळे उघडे धरून पाणी मारत राहिले. ती मला दोन्ही हातांनी ढकलत होती, ‘काही दिसत नाहीये, काही दिसत नाहीये’ म्हणून ओरडत होती. मैना भिंतीला टेकून उभी. शेवटी बेकरीवालीला टॉवेलवरचे पट्टे दिसले, मग आरशातलं स्वतःचं लालभडक तोंड दिसलं, आणि मला तिने जे काही ऐकवलं ते या कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या डॉक्टरांनी बघितलं, डोळ्याला इजा नाही म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आज सकाळी तिने पाव पाठवलाय, म्हणजे राग गेला असावा.

पण माझा राग गेला नव्हता. ती गेल्यावर मैनावर मी तोंडाचा पट्टा सोडला. बाटली आहे की पिचकारी, एवढं दाबतात का, इतकी वर्षं माझ्या हाताखाली काय शिकलीस. ती हळूच म्हणाली, ‘ताई, मी दाबलीच नव्हती हो. नुसती धरली होती.’ मी तिला खोटं पाडायचंच असं ठरवलं. खोक्यातून तुझा पहिला नमुना, तो दगड, काढला, त्यात साधं पाणी भरलं आणि म्हटलं, आता ही दाबून दाखव. तिने एका हाताने दाबली. थेंब. पुन्हा दाबली. थेंब. माझा विश्वास बसेना. तेवढ्यात शिक्षिकाबाई आल्या, त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी, त्यांनीही थेंब काढला आणि विचारलं, यात अवघड काय आहे? खालच्या दुकानातली शिवणवाली वर आली, तिने तर गप्पा मारत मारत बेसिनच्या काठावर थेंबांची ओळ लावून दाखवली. सगळ्यांच्या हातात तुझी बाटली शहाण्यासारखी वागत होती. मग मी घेतली. दात ओठ खाऊन दाबली, तरी काही नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हसून म्हटलं, बघा, मला बघून लाजतेय. आणि सहज, कसलाही विचार न करता, बाटली डाव्या हातात घेतली. थेंब आला, माऊ. अगदी सहज आला. उजव्यात घेतली, नाही आला. डाव्यात घेतली, आला. तिसऱ्यांदा करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाटली दगड नव्हती. माझा अंगठा गेलाय. केव्हापासून ते मला सांगता येणार नाही, कारण मी प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणावर तरी खापर फोडत आले. कात्री बोथट म्हणून धारवाल्याशी भांडले. ब्लाऊजची काजं लहान केली म्हणून शिवणवालीला बोलले. घरात दोन कप फुटले, तर तुझ्या बाबांना म्हटलं की तुम्ही भांडी नीट विसळत नाही, साबण राहतो. ते बिचारे हल्ली एकेक कप तीनतीनदा धुतात. मैना मात्र सगळं बघत होती. कानामागचं बारीक काम आलं की ‘ताई, मी करते, तुम्ही चहा घ्या’ म्हणायची, आणि मला वाटायचं, पोरीला कामाची हौस आली. काल सगळ्या गेल्यावर तिला विचारलं, तर पदराने डोळे पुसत म्हणाली, तुम्हाला कसं सांगू तेच कळत नव्हतं. मी तिच्यावर ओरडले होते त्याची मला इतकी लाज वाटली की मी तिला जवळ घेतलं आणि दोघी बेसिनपाशी उभ्या राहून रडलो.

आता कामाचं. पहिलाच नमुना बरोबर होता. तीच जाडी ठेव, तीच चोच ठेव, केसभरही बदलू नकोस. इस्त्रीसाहेबांना जसं घडलं तसं सांग. माझ्या हाताचं सांगायला लाजू नकोस, आणि मला झाकण्यासाठी चूक स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे. त्यांना म्हणावं, बाटली बरोबर होती, ती तपासणारा हात चुकीचा होता, आणि त्याच हाताने साचा वेळेवर थांबवलाय. बेकरीवालीचा डोळा जिथे वाचला तिथे हजारोंचे वाचले, हे त्यांच्या कॉलरला समजायला हरकत नाही. आणि आणखी एक. हे वाचल्यावर तू लगेच कागद पेन्सिल घेशील आणि आईच्या अंगठ्याला झेपेल अशी मऊ बाटली काढायला बसशील. नको. तसं पुन्हा कुणाच्या तरी डोळ्यांत जाईल. बाटली गिऱ्हाइकांच्या हातासाठी कर, माझ्या हाताचं काय करायचं ते आपण वेगळं बघू.

आयुष्यभर तुला मी ‘अजून थोडं नीट कर’ एवढंच म्हणत आले. वेणी घातलीस तरी, चित्र काढलंस तरी, नोकरीत पहिला आलेला नमुना दाखवलास तरी. आमच्या धंद्यात हातात आलेलं डोकं कधी पुरतं नीट वाटतच नाही, ती सवय घरी आणू नये हे मला कळलं नाही. तेव्हा आता स्पष्ट लिहिते, वाचून कागद जपून ठेव. पहिल्याच वेळी तुझं बरोबर होतं.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण सकाळी तुझं ‘हॅलो’ ऐकलं आणि मी घाईघाईने फोनच ठेवून दिला. म्हणून लिहायला बसले, डाव्या हाताने. तुझ्या पहिलीतल्या अक्षरापेक्षा वाईट आलंय, आणि सकाळची दुपार झाली. काल संध्याकाळी त्याच शेजारच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले, त्यांनी माझा हात बघितला, सुई टोचली, आणि टोचलेलं मला फारसं जाणवलंच नाही. नसांच्या मोठ्या डॉक्टरांकडे सोमवारी जायला सांगितलंय. तुझ्या बाबांना अजून बोलले नाही. एकटीने जायची मला भीती वाटते, माऊ. तू ये. रविवारीच ये, कारण आणखी एक काम आहे, जे मी मैनालाही सांगू शकले नाही. उजवा हात आता डोक्यापर्यंत वर जात नाही, खांदा अवघडलाय असंच मी स्वतःला सांगत होते, आणि दोन आठवडे झाले, माझे केस धुतलेले नाहीत. सगळ्यांची डोकी धुणाऱ्या बाईचं स्वतःचं डोकं खाजतंय, हसलीस तरी चालेल. येताना कोरड्या डोक्याची ती गोल खांद्याची बाटली आण. या वेळी मी खुर्चीत बसेन. तू एका हाताने भांग पाड आणि दुसऱ्या हाताने लाव. मी काही चुका काढणार नाही.

वाट बघणारी,
तुझीच
आई