रोज चालवून घेतो

दि. ९, गुरुवार

ताई,

पाया पडते, म्हणजे कागदावर. प्रत्यक्ष वाकायला गुडघे लागतात. तुझं पत्र पोचलं. नातीची सर्दी ओसरली, सामान एकदाचं लावून झालं, बाकी सगळं ठीक. हे झालं रीतीचं. आता खरं सांगते, वाचून झालं की फाडून टाक.

या घरात काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वास लागू देत नाहीयेत. निदान कालपर्यंत तरी अशीच माझी खात्री होती.

तूच बघ. हमरस्त्यावरचं ऐसपैस घर सोडून चिरंजीवांनी हे का घेतलं? इथल्या स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो तर तिसरीने बाहेर जाऊन श्वास घ्यावा. त्याला बस अगदी दारातून मिळायची, आता दोन बदलतो. विचारलं तर म्हणतो, "आई, इथे मोकळं आहे गं." मोकळं आहे खरं. गाड्या वसाहतीच्या तोंडाशीच थांबवतात, आतल्या गल्ल्या नुसत्या चालणाऱ्यांच्या. सपाट फरशी, झाडं, आणि जिथे धाप लागावी नेमका तिथे बाक. इतकं मनासारखं कोणी उगाच देतं का?

त्यात सूनबाई. सकाळी हिचं दूध संपतं. मी दोन वळणं पार करून दुकानातून आणते. येऊन टेकते न टेकते तोच मीठ संपतं. संध्याकाळी ब्रेड. एवढी नीटनेटकी बाई, सगळं एकदम का सांगत नाही? परवा फ्रीजमध्ये मोठ्या पातेल्याआड दुधाची आख्खी पिशवी सापडली. पातेलं होतं तसं सरकवलं आणि निमूट दूध आणायला निघाले. मला घराबाहेर ठेवायचंय एवढं कळलं. कशासाठी, ते कळेना.

वाटेतल्या बाकावर एक कंपाउंडरकाका बसतात, दवाखान्यातून निवृत्त झालेले. मी दिसले की घड्याळ बघतात. परवा म्हणाले, "आज लांबून नाही गेलात वाटतं?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायच्यात चौकशा?" तर गालात हसले. माझ्यावर पहारा होता, ताई.

म्हणून काल अर्ध्या वाटेतून परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सूनबाई फोनवर बोलत होती, "हो, आईंना रोज चालवून घेतो आम्ही. त्रास होतो थोडा, पण काय करणार? अजून किती दिवस, ते तुम्हीच सांगा."

चालवून घेतो! कान तुटलेला कप चालवून घेतात, तसं मला. आत जाऊन पिशवी टेबलावर आपटली. म्हटलं, "मला चालवून घ्यायची काही गरज नाही. मी आजच ताईकडे राहायला जाते."

तिला आधी काही कळेचना. मग कळलं तशी हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. फोनवर डॉक्टरीणबाई होत्या. "अहो आई, चालवून घेतो म्हणजे तुम्हाला चालायला लावतो! सरळ सांगितलं असतं तर उठला असतात का खुर्चीतून?"

नसते उठले. कंपाउंडरकाकांनाही तिनेच सांगून ठेवलेलं, लवकर परतल्या तर लांबच्या वाटेने धाडा म्हणून. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिला बाक हल्ली मला लागत नाही.

संध्याकाळी चिरंजीवांना धारेवर धरलं. माझ्यापासून लपवलंस का? तो बराच वेळ बुटाची नाडीच सोडत बसला. मग म्हणाला, "बाबांचं वय झालं, वय झालं, म्हणत राहिलो आपण. वय नव्हतं झालं गं. त्यांना तो हमरस्ता ओलांडता येत नव्हता."

या घरात आल्यापासून यांचा विषय मी काढला नव्हता. तुलाही लिहिला नाही. रस्ता रुंद केला, मधे कठडा घातला आणि पलीकडे जायला तो उंच पूल. यांना तो चढवेना. कडेने चालावं तर फुटपाथवर दुचाक्या. आधी बाजार सुटला, मग मित्र, मग जिनासुद्धा. उरली खुर्ची. तिच्यावर मऊ उशी मीच घातली, आराम पडावा म्हणून. हे गेले आणि त्याच उशीवर मी बसले. फार आठवण येते गं.

मग तो म्हणाला, "आई, मावशीकडे जाऊ नकोस. तिलाच इकडे आणूया." मी म्हटलं, तिला काय धाड भरलीय, ती रोज स्वतः बाजार करते. तेव्हा त्याने सांगितलं. गेल्या महिन्यात तो तुझ्याकडे आला, तेव्हा तुझ्या चपला दाराबाहेर होत्या. त्यांच्यावर धुळीचा थर होता. त्याने बोट फिरवून बघितलं.

तुझंही घर त्याच रस्त्यावर, ताई. आणि तू मला लिहितेस, पाय ठणठणीत आहेत.

काय खरं, काय खोटं, ते लिहू नकोस. पुन्हा एक गोड थाप वाचायची माझी तयारी नाही. रविवारी तो टॅक्सी घेऊन येईल. जिना उतरायला हात देईल. तू फक्त चपला पुसून ठेव.

तुला गमवायला तयार नसलेली,
धाकटी