शेवटची साडेचार मिनिटे न पुसण्याबाबत

मु. पो. रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा
दिनांक : १७ ऑगस्ट १९८७

प्रति,
मा. संग्रह अधिकारी,
चित्रफीत संग्रह विभाग,
दूरचित्रवाणी केंद्र.

विषय : 'तुरीवरील कीड व उपाय' या चित्रफितीच्या शेवटी शिल्लक असलेला फुटबॉल सामन्याचा भाग न पुसण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ७ जुलै १९८६ व त्यानंतरची तीन स्मरणपत्रे.
२) आपल्या विभागाचे पत्र दि. २१ नोव्हेंबर १९८६.
३) आपल्या विभागाचे पत्र दि. ३ ऑगस्ट १९८७.

महोदय,

१. मी खाली सही करणारी पंचफुला प्रेमदास थूल, वय ४१, रोहणा येथील प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहे. आपण या पदावर नव्यानेच रुजू झाल्याचे संदर्भ क्र. ३ वरील सहीवरून समजले. आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांना माझे प्रकरण तोंडी ठाऊक होते, परंतु तोंडी गोष्टी फाइलला लागत नाहीत. म्हणून सर्व हकिकत आरंभापासून सादर करीत आहे. अर्ज लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. माझे पती कालकथित प्रेमदास थूल हे मूळचे आष्टीचे. लहानपणी ते मामाकडे पुलगावला राहत. तेथे फौजी लोकांचा खेळ पाहून ते फुटबॉल शिकले, तोही अनवाणी. पुढे खेळाडू म्हणून त्यांना आपल्या शहरातील एका कापड गिरणीत नोकरी मिळाली. १९७० साली आमचे लग्न झाले. माझी नोकरी इकडे, त्यांची तिकडे. वर्षातून दोन वेळा ते रजेवर येत. त्यांचा एकही सामना मी पाहिलेला नाही.

३. दि. १० फेब्रुवारी १९७४, रविवार रोजी भारताचा संघ परदेशातील एका पाहुण्या संघाशी आपल्या शहरात खेळला. प्रेमदास राखीव खेळाडूंत होते. उत्तरार्धात डाव्या बाजूच्या एका खेळाडूचा पाय मुरगळला आणि एकसष्टाव्या मिनिटाला त्यांना मैदानात उतरवण्यात आले. हा त्यांचा देशाकडून पहिला व शेवटचा सामना. आपल्या केंद्राने तो दाखविला होता. त्या काळी आमच्या भागात दूरचित्रवाणी पोहोचलेली नव्हती. मी नत्थूजींच्या पिठाच्या गिरणीवर रेडिओ ऐकत होते. त्यांनी त्यासाठी चक्की बंद ठेवली होती आणि दळण घेऊन आलेल्या बाया डब्यांवर बसून राहिल्या होत्या.

४. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आपल्यावर गोल झाला. समालोचक म्हणाले की, चेंडू थूल यांच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. नत्थूजींनी रेडिओचा आवाज लहान केला. थोड्या वेळाने त्यांनी चक्की सुरू केली. सामना एका गोलने गेला. वर्तमानपत्रांतही तसेच छापून आले.

५. पुढील महिन्यात प्रेमदास आठ दिवसांसाठी घरी आले. पाच दिवस या विषयावर ते काहीच बोलले नाहीत. सहाव्या दिवशी मी मुलांच्या वह्या तपासत होते, तेव्हा ते समोर येऊन बसले व म्हणाले, "चेंडू माह्या पायाले लागलाच नाई. बाजूच्याच्या नडगीले लागला. मी पाह्यलं." तो बाजूचा खेळाडू पुढे मोठ्या नावाचा झाला. त्याचे नाव येथे लिहिणे उचित नाही.

यावर मी जे उत्तर दिले ते या अर्जात लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याशिवाय माझी मागणी आपणास समजणार नाही. मी म्हटले, "साऱ्या दुनियेनं रेडिओवर ऐकलं, अन् तुम्हीच तेवढे खरे?"

ते उठून बाहेर गेले आणि शेळीला पाला टाकला. त्यानंतर साडेसात वर्षे आमचा संसार झाला, त्यात त्या सामन्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही. मीही केला नाही.

६. गिरणीच्या संघातून त्यांना त्याच मोसमात वगळण्यात आले. खेळ नाही तर नोकरी नाही, असा तेथील प्रकार असल्याने १९७५ साली ते रोहण्यास परत आले. आर्वीच्या एका जिनिंग फॅक्टरीत कामास लागले. सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने जात, सायंकाळच्या गाडीने येत. आर्वीच्या बाजारात काही लोक त्यांना 'घरगोल', म्हणजे घरच्याच जाळ्यात गोल करणारा, म्हणून हाक मारीत. ते मागे वळून पाहत नसत. चालण्याचा वेगही वाढवत नसत. हे मी स्वतः त्यांच्याबरोबर असताना पाहिले आहे, आणि तेव्हाही मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. मला वाटे, लोक वाईट आहेत, पण खोटे नाहीत.

७. सप्टेंबर १९८१ मध्ये काविळीने त्यांचा सेवाग्राम येथे दवाखान्यात मृत्यू झाला. वय छत्तीस. आम्हास अपत्य नाही. शेवटचे आठ दिवस मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ होते. चार दिवस ते चांगले शुद्धीवर होते. विचारायला वेळ होता. मी विचारले नाही.

८. आता चित्रफितीसंबंधी. माझी अशी समजूत होती की, दूरचित्रवाणीवरील चित्र हे रेडिओवरील शब्दासारखे असते, दाखवून झाले की संपते. जून १९८६ मध्ये आमचे मुख्याध्यापक श्री. वासुदेवराव यांच्याकडे आम्ही शिक्षक मंडळी दूरचित्रवाणी पाहण्यास गेलो होतो. विश्वचषक स्पर्धेच्या निमित्ताने त्या सायंकाळी जुन्या सामन्यांची दृश्ये दाखविली. त्यातील एक सामना माझ्या लग्नाच्याही आधीचा होता. मी वासुदेवरावांना विचारले की, हे लोक तर आता म्हातारे झाले असतील, मग हे कोठून आले? ते म्हणाले, "टेप ठेवतात ना बाई, कपाटात. काही जात नाही." मी तेथून चहा न घेता उठले. अकरा दिवसांनी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला.

९. पाचव्या महिन्यात उत्तर (संदर्भ क्र. २) आले की, सदर सामना दोन चित्रफितींवर होता. पूर्वार्धाची चित्रफीत आढळून येत नाही आणि उत्तरार्धाची चित्रफीत १९७९ साली पुसून 'तुरीवरील कीड व उपाय' या कार्यक्रमासाठी वापरण्यात आली आहे. टेप परदेशातून येतात व कमी असतात, म्हणून सर्वच केंद्रांना असे करावे लागते, असेही त्यात समजावून लिहिले होते. मी कोणाला दोष देत नाही. आम्हीसुद्धा शाळेत फळा पुसूनच दुसरा विषय शिकवतो.

परंतु त्या पत्रात कार्यक्रमाची लांबी चाळीस मिनिटे लिहिली होती. उत्तरार्ध पंचेचाळीस मिनिटांचा असतो. चौथीच्या मुलालाही ही वजाबाकी येते. म्हणून मी उन्हाळ्याच्या सुटीत, दि. ११ मे १९८७ रोजी, आपल्या कार्यालयात समक्ष हजर झाले.

१०. दोन दिवस मला फाटकाशी बसवून ठेवले. तिसऱ्या दिवशी आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांनी आत बोलावले, पत्र वाचले व एका वयस्क तंत्रज्ञांना बोलावून माझी वजाबाकी दाखविली. त्या तंत्रज्ञांचे नाव मी लिहीत नाही, त्यांना माझ्यामुळे काही विचारणा होऊ नये. ते म्हणाले की, टेप वेगळी पुसलेली नसेल, नुसते वरून मुद्रण केले असेल, तर शेवट राहिला असेलही. ते टेप पुढे पळवणार होते. मी त्यांना तसे करू नका म्हणाले. पळवताना काही तुटले तर काय, अशी मला धास्ती वाटली. म्हणून तुरीचा कार्यक्रम मी पूर्ण चाळीस मिनिटे पाहिला. तंत्रज्ञ थोडा वेळ थांबले, नंतर, "तुम्ही बघा बाई, मी बाहेर आहे," असे म्हणून गेले. त्यांना माझ्याकडे पाहून बरे वाटत नव्हते असे मला वाटते.

११. कार्यक्रमातील शेतकऱ्याने शेवटचा नमस्कार केला, पडद्यावर रेघा आल्या आणि मैदान दिसले. चित्र दुरून घेतलेले, पांढरे-काळे. माणसे बोटाएवढी. पाठीवरचे आकडे वाचता येत नव्हते. मला वाटले, इतक्या दुरून येऊन आता मला माझाच माणूस ओळखू येणार नाही. तेवढ्यात डाव्या बाजूला पलीकडच्या रेषेजवळ एक खेळाडू वाकला व त्याने एका हाताने मोजा वर ओढला. जिनिंगला जाताना प्रेमदास धोतराचा सोगा तसाच ओढीत. ते तेच होते.

गोल त्याआधीच होऊन गेलेला होता. तो भाग तुरीखाली गेला. चेंडू कोणाच्या पायाला लागला हे मला कळले नाही, आणि आता कधीही कळणार नाही.

परंतु जी साडेचार मिनिटे शिल्लक आहेत त्यात मी हे पाहिले : प्रेमदास मोकळ्या जागेत धावत जातात, तेथे थांबतात आणि चेंडू मागण्यासाठी हात वर करतात. चेंडू दुसरीकडे जातो. ते परत येतात, पुन्हा धावतात, पुन्हा हात वर करतात. सहा वेळा त्यांनी हात वर केला. त्यांच्या जवळपास कोणी नव्हते, एकदा तर पंधरा-वीस पावले मोकळे मैदान होते. सहाही वेळा त्यांच्याकडे कोणी चेंडू दिला नाही. बाजूचा खेळाडू दोन वेळा त्यांच्याकडे पाहतो व तोंड फिरवतो.

१२. महोदय, मी एकवीस वर्षे शाळेत शिकवते. ज्याच्या मनात खोट असते तो मागच्या रांगेत खाली मान घालून बसतो. तो सहा वेळा हात वर करीत नाही. हा कायद्याने पुरावा होत नाही, हे मला माहीत आहे. परंतु मला जो निकाल हवा होता तो त्या खोलीत लागला, आणि तो माझ्याविरुद्ध लागला. त्या मैदानात त्यांना ज्या लोकांनी चेंडू दिला नाही, त्यांच्यात मी घरी बसून एक होते.

१३. परत आल्यावर सांगावे असे कोणी नव्हते. म्हणून बाजाराच्या दिवशी आष्टीला सासूबाईंकडे गेले. सासूबाई धुरपताबाई मोठ्या दिरांकडे असतात, त्यांना आता दिसत नाही. त्यांना मी फक्त एवढेच सांगितले की, प्रेमदास दिसले, धावत होते. त्यांनी माझा हात हातात घेतला व बराच वेळ चाचपला. मग विचारले, "लय धावला असन. दमला होता काय वं?" मी हो म्हटले. त्यापुढे त्यांना काही विचारायचे नव्हते आणि मला जे सांगायचे होते ते त्यांना सांगण्यासारखे नव्हते.

१४. आता संदर्भ क्र. ३ च्या पत्राने मला कळविण्यात आले आहे की, १९८० पूर्वीच्या व उपयोग संपलेल्या कृषिविषयक चित्रफिती येत्या ऑक्टोबरपासून पुन्हा वापरात घेण्यात येणार असून त्यांच्या यादीत सदर चित्रफीत आहे. या संदर्भात मी निवेदन करते की, सदर चित्रफितीचा उपयोग संपलेला नाही. शेंगा पोखरणारी अळी आमच्याकडे आजही आहे. कार्यक्रमात सांगितलेले उपाय मी वहीत लिहून आणले व रोहण्यातील शेतकऱ्यांना वाचून दाखविले. कार्यक्रम जतन करावा अशा निवेदनावर अकरा तूर उत्पादकांनी सह्या व अंगठे दिले आहेत, ते सोबत जोडले आहे. त्यातील तानबा यांनी सही करताना मला विचारले, "बाई, पन या पिच्चरात तुमचं काय हाय?" मी म्हटले, काही नाही, तुरीचे आहे. हे मी त्यांच्याशी खोटे बोलले. आपल्याशी खोटे बोलण्याची माझी इच्छा नाही. मला तुरीचे काही नाही.

१५. तरी खालीलप्रमाणे कृपा व्हावी :

(अ) सदर चित्रफीत यादीतून वगळून आहे तशी ठेवावी.

(ब) चित्रफितीच्या कार्डावर विषय म्हणून फक्त 'तूर' असे लिहिले आहे. त्याखाली 'शेवटी सामना, प्रेमदास थूल' एवढे लिहावे. सोबत 'घरगोल' किंवा तत्सम काही लिहू नये.

(क) नियमामुळे वरील दोन्ही गोष्टी शक्य नसतील, तर मी पुन्हा अर्ज करणार नाही. परंतु पुसण्यापूर्वी आपण स्वतः, अथवा आपल्या विभागातील कोणी एकाने, ती साडेचार मिनिटे बघावीत. आजवर ती बघणारी मी एकटी आहे, आणि माझी साक्ष उशिराची आहे. फुटबॉल कळत नसले तरी चालेल. डाव्या बाजूस, पलीकडच्या रेषेजवळ पाहावे. बहुतेक वेळ चेंडू तेथे नसतो, म्हणून नजर दुसरीकडे जाते. तशी जाऊ देऊ नये. शेवटी शिटी वाजते व सर्व खेळाडू मधोमध जमतात. ते तेथे जात नाहीत. जेथे आहेत तेथेच कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि मग चित्र संपते. तोपर्यंत कृपया खुर्चीवरून उठू नये.

उत्तर नकाराचे असले तरी मिळावे, ही विनंती करून थांबते.

आपली नम्र अर्जदार,
(सही)
पंचफुला प्रेमदास थूल
सहायक शिक्षिका, रोहणा

सोबत :
१) संदर्भातील पत्रांच्या हस्तलिखित नकला.
२) अकरा तूर उत्पादकांचे निवेदन.
३) प्रेमदास थूल यांचे छायाचित्र, एक प्रत. ओळखण्यासाठी. परत पाठविण्याची आवश्यकता नाही, कार्डासोबत ठेवावे.