मडगार्डच्या बोल्टाखालचा रंग

बाबा,

परवा मुलाच्या स्कूटरचा दिवा मंद झाला आणि मी सवयीनं पॉलिश पेपर शोधायला लागले. तो हसून म्हणाला, मेकॅनिककडे देऊ ना. मी शोधणं सोडलं, पण तेव्हापासून दांडी गावच्या बागायतदार काकांची ती जुनी निळी मोटार डोक्यातून जात नाही.

आपलं गॅरेज म्हणजे बोईसरच्या रस्त्याकडेची पत्र्याची शेड, पाळी सुटली की कंपनीच्या बसची धूळ थेट तुमच्या चहात. काका ती वडिलांच्या वेळची मोटार तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसत, आणि तुम्हाला त्याचा केवढा अभिमान. खाऱ्या हवेनं तिचे मडगार्ड खाल्ले होते. तुम्ही ते उतरवून खरवडलेत, पुन्हा गंज नको म्हणून बोल्टांच्या भोकांतसुद्धा रंग भरलात. रंगाचा डबा मीच धरला होता. मडगार्ड बसवले आणि त्यांच्यावरचे पुढचे दिवे मिणमिणायला लागले. तुम्ही बल्ब बदललेत, वायर बदललीत, दुसरी बॅटरी लावून पाहिलीत. काका हेलपाटे घालून कंटाळले. "उद्या नाय झालं तर पालघरला नेतो. राग नको मानू," म्हणाले. त्या दिवशी जेवताना तुम्ही भात नुसता कालवत बसला होतात.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून थेट गॅरेजवर येते. बारावी सायन्सची मी, दोन वेण्या आणि नाकावर राग. काका आलेत, शेजारचा पंक्चरवाला आणि चहावाला बघत उभे आहेत. "बाबा, जरा सरका," मी म्हणते. वायरचा एक तुकडा घेते, एक टोक बॅटरीच्या अर्थिंगला, दुसरं दिव्याच्या पत्र्याला. दिवा लख्ख लागतो. "वायर बरोबर आहे. मडगार्डलाच अर्थिंग मिळत नाही. बोल्टाखाली तुम्हीच रंग भरलाय," मी सांगते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पंक्चरवाला हसतो, "उस्ताद, अब बेटी को बिठाओ दुकान पे." तुम्ही खाली बसून एकेक बोल्ट काढता, पत्रा चमकेपर्यंत रंग घासता, वर ग्रीस लावता. मान वर करत नाही.

तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही तर येईल त्याला सांगत सुटलात, "मला नाय जमलं, पोरीने लावला दिवा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमीच." माझ्या लग्नात व्याह्यांनासुद्धा सांगितलंत. लोक तुम्हाला हसायचे, तुम्हीही हसायचात, आणि मी कौतुक करून घेत उभी राहायचे. पुढे काका मोटार घेऊन आले की आधी विचारायचे, "पोरगी कदी येणार?" आज ते आठवलं की शरमेनं तोंड लपवावंसं वाटतं.

तुम्ही ती गोष्ट नेहमी गॅरेजपासून सुरू करायचात. आदल्या दिवशीचं जेवण तुम्ही विसरला होतात, की मुद्दाम सोडून द्यायचात, मला कधी कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि हे पत्रही आता पाठवणार कुठे. भात कालवता कालवता तुम्ही मला विचारलं होतं, "तुज्या पुस्तकात हाय का गं याचं काय?" रंगातून वीज जात नाही, हे मला तिथे ताटावरच सुचलं होतं. मी म्हटलं, "नाही." मला ते काकांसमोर सांगायचं होतं.