दोन फूट सरकलेला खांब

प्रिय फुटपट्टी,

तुझा अहवाल मिळाला. जाड गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पुलाचा संध्याकाळचा फोटो. फोटो काढणाऱ्याला आभाळ तेवढं दिसलं, पूल काही दिसला नाही. तुझ्या आईने तो लगेच शेजारच्या बाईंना नेऊन दाखवला, तर त्यांनी विचारलं, नवीन फ्लॅट घेताय का? त्यांचं चुकलं असं मला तरी वाटलं नाही. सत्तर पानं मी दोनदा वाचली. सोमवारी तुम्ही पाचवा खांब उतरवायला घेणार, एवढंच त्यातलं खरं. बाकी नुसती सजावट.

तुझ्या समितीतली मंडळी म्हणजे एकेक नमुना आहे. अध्यक्षमहाशय सहाशे वर्षांच्या पुलाला भाषणात तीनदा 'सेल्फी पॉइंट' म्हणाले होते. कंत्राटदार पांढरे बूट घालून नदीत उतरतो आणि चुना म्हणजे फक्त लोकांना लावायची वस्तू असं समजतो. ज्या दगडी गाडीवाटेने माणसं पुलावर चढायची, काठच्या ज्या पायऱ्यांवर पाण्याची उंची बघून ठरवायची की आज पलीकडे जायचं की नाही, ते सगळं सपाट करून तिथे गाड्या उभ्या करणार म्हणे. आणि याचं नाव 'ऐतिहासिक परिसराचं जतन'! आमच्या वेळी मोडतोड करणारा निदान खाली मान घालून मोडायचा. हे लोक फीत कापून मोडतात. या उंटावरच्या शहाण्यांत तू कशी जाऊन बसलीस, हे मला समजत नाही. म्हणजे, समजतं. तू लहानपणापासून हाती आलेला कागद खरा मानायचीस.

आठ वर्षांची असशील. जुन्या वेशीचं मोजमाप घेताना टेपचं शून्याचं टोक तुझ्या हातात दिलं होतं. तासभर भिंतीला टेकवून उभी राहिलीस. नाकावर माशी बसली तरी हात हलवला नाहीस. त्या दिवसापासून तू फुटपट्टी. तुझी आई म्हणाली होती, पोरीला दगडांच्या नादी लावू नका, घरात एक खुळा पुरे आहे. मी ऐकलं नाही. मी तेव्हा कुणाचंच ऐकत नव्हतो.

आता त्रेचाळिसाव्या पानावर येतो. तू लिहितेस, पाचवा खांब दोन फूट अलीकडे सरकलेला आहे. त्यामुळे एका बाजूची कमान ठेंगणी, दुसरीकडची पसरट. जुन्या मोजणीच्या नकाशात मात्र सगळे गाळे, म्हणजे खांबांमधली अंतरं, सारखी. म्हणून हे नंतरच्या एखाद्या अडाणी दुरुस्तीचं काम असावं, ते उतरवून मूळ जागी बांधावं. आणि एकोणिसाव्या पानावर तूच लिहितेस की सगळ्या खांबांतला चुना एकाच मिश्रणाचा आणि चिऱ्यांवरच्या छिन्नीच्या खुणाही सारख्याच. अगं, या दोन पानांची एकमेकांशी ओळख करून द्यायला तुला वेळ मिळाला नाही? दुरुस्ती नंतरची असती तर चुना बदलला नसता? पहिल्या वर्षाच्या मुलाने हे लिहिलं असतं तर मी वही फेकून दिली असती. तुला शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं, असं म्हणत मी दोन दिवस घरभर फिरलो. तुझी आई शेवटी वैतागून म्हणाली, 'तिने तुमच्यावर विश्वास ठेवला, हाच तिचा गुन्हा ना?' तिचं खरं होतं.

कारण तू 'सर्वात विश्वासार्ह पुरावा' म्हणून जो नकाशा छापलास, त्याच्या कोपऱ्यात माझी सही आहे.

परवा माळ्यावरून या पुलाच्या मोजमापाची माझी वही काढली. तू जन्मायच्या दोन वर्षं आधीची. पेन्सिल पुसट झालीय, पण आकडे वाचता येतात. पाचवा खांब मी नीट मोजला होता, गं. दोन फूट एक इंच अलीकडे. शेजारी प्रश्नचिन्हही केलंय. तिथे एक म्हातारा गवंडी होता, पुलाच्या फटी भरायला यायचा. मी त्याला म्हटलं, तुमच्या पूर्वजांना दोरी धरता येत नव्हती वाटतं. तो हसला नाही. म्हणाला, 'साहेब, खांब वाकडा नाही. खडक जिथे आहे तिथे बसलाय. दोन फूट पुढे नुसती वाळू आहे.' हातात पहार देऊन तो मला म्हणाला, पाण्यात उतरा आणि तळ ठोकून बघा. माझी पँट नवी होती. मी नाही उतरलो.

ऑफिसात टेबलाशी बसून मी नकाशात तो खांब सरळ केला. एक रेघ खोडली, दुसरी ओढली. मनात म्हटलं, अडाण्याची चूक शिकलेल्याने दुरुस्त केली. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. साहेबांना नकाशा फार आवडला. किती प्रमाणबद्ध, म्हणाले. त्याचीच फ्रेम तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर पंधरा वर्षं होती, त्याच्याकडे बघत तू रेघा मारायला शिकलीस. मी विसरलो होतो असं लिहिता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. तू कौतुकाने त्याच्याकडे बघायचीस तेव्हा प्रत्येक वेळी आठवायचं, आणि मी म्हणायचो, हं, जेवायला चल. पांढऱ्या बुटांचा तो कंत्राटदार निदान नदीत उतरतो तरी.

हे पत्र तुझ्या चुका काढायला लिहायला घेतलं होतं, खोटं कशाला सांगू. आता ज्यासाठी पाठवतोय ते सांगतो. सोबत ती वही आहे आणि समितीच्या नावाने माझ्या सहीचं निवेदन आहे: नकाशा खोटा आहे, खांब खरा आहे, तो हलवलात तर वाळूवर उभा राहील आणि पूल जाईल. अहवालाच्या तिसऱ्या पानावर 'माझ्या पहिल्या गुरूस' असं लिहिलंयस, ते खोडावं लागेल, आणि चारचौघांत तुझी मान खाली जाईल. माझ्यामुळे. निवेदन दाबून ठेवशील अशी भीती मला नाही. तशी तू असतीस तर खांब सरळ करून मोकळी झाली असतीस, मला विचारायला अहवाल पाठवला नसतास. सोमवारी सकाळी मी पुलावर येतोय. गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो, पहार घेऊन पाण्यात मीच उतरणार, एक्केचाळीस वर्षं उशिरा का होईना. त्या सगळ्या शहाण्यांसमोर आपण पाचवा खांब मोजू. शून्याचं टोक तू धर. आकडा मी मोठ्याने वाचेन.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
बाबा