ओनोराची फुली

बॅलाराटजवळ, व्हिक्टोरिया
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय आयव्हीबाय,
शि. सा. न. वि. वि.

त्या सकाळीही मी कोंबड्यांना दाणे टाकले, बटाटे सोलले, जॉयलचा डबा भरला आणि झाकण नीट लावत नाही म्हणून त्याच्यावर ओरडले. तो हसत शिफ्टला गेला. दुपारी फॅक्टरीतून फोन आला. जॉयलला जाऊन चार वर्षं झाली, पण तुम्ही तुमच्या भावाचं काही विचारलंत की मला ते झाकणच आठवतं.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलं. निदान पत्रात मराठी लिहिता येतं. वेंडी पॉइंट कुकहून महिन्यातून एकदा येते. मी मराठीत विचारते, लेक इंग्लिशमध्ये उत्तर देते. बाकी माझं मराठी ऐकायला कोंबड्या.

फादरांनी मला चर्चची जुनी लग्नाची वही उतरून काढायला दिली आहे. सातवी शिकलेल्या बाईला. हसा तुम्ही. त्यात १८७१ सालची एक ब्रिजेट आहे, आयर्लंडची. तिकडे तिचं मायकलशी ठरलं होतं. पण घरच्यांनी तिला आधी बोटीत बसवलं आणि तो मागे राहिला. इथे तिने डोनोव्हन नावाच्या माणसाशी लग्न केलं, तो झाड अंगावर पडून गेला. बारा वर्षांनी मायकल बटाटे काढायच्या कामाला याच गावात आला. त्या दोघांचं लग्न झालं. हे सगळं मला ब्रेंडनने सांगितलं. ती त्याची पणजी. शेजारच्या शेतावर एकटाच असतो, आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, बटाटे घेऊन येतो आणि चहा पिऊन जातो.

वहीत या दुसऱ्या लग्नाची साक्षीदार म्हणून ओनोरा डोनोव्हनचं नाव आहे. लिहिता येत नव्हतं, म्हणून फुली मारली आहे. फादर म्हणाले, ती ब्रिजेटच्या गेलेल्या नवऱ्याची सख्खी बहीण. मी त्या फुलीवर बराच वेळ बोट ठेवून बसले.

ब्रेंडनने मला काही विचारलं आहे. बटाटे निघेपर्यंत थांबतो म्हणाला. मी अजून बोलले नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशी राहू द्या.
तुमची वहिनी,
फ्लाविया


वसई
२० मार्च २०२४

प्रिय फ्लाविया,
अनेक आशीर्वाद.

दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी तू दीड पान लिहिलंस आणि स्वतःसाठी दोन ओळी. काही विचारलं म्हणजे काय विचारलं, ते लिहायला लाज वाटली? म्हातारी झाले तरी ननंद आहे मी, वास येतो.

खरं सांगते, राग आला. तुझं पत्र तीन दिवस घरातल्या देवाच्या आल्तारावर जॉयलच्या फोटोखाली दाबून ठेवलं. मला वाटलं, आता त्याची आठवण काढणारी मी एकटीच उरणार.

मग माझंच आठवलं. मलाही एकदा एकाने विचारलं होतं, आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी आई हो म्हणेल म्हणून वाट बघत बसले. आई काही बोलली नाही, मीही बोलले नाही. तो कुवेतला गेला. आई गेल्यावर तिच्या पेटीत त्याने आईला लिहिलेलं पत्र सापडलं. तिने ते जपून ठेवलं होतं. म्हणजे तीही माझ्या तोंडातून शब्द निघायची वाट बघत होती, असं मला वाटतं. तू माझी अशी वाट बघू नकोस.

मला विमानात बसवणार नाही कुणी. सोबत एक कागद पाठवते. साक्षीदार म्हणून सही केली आहे, हात कापतो म्हणून वाकडी आली. तुमच्या सरकारला चालणार नाही ती. फादरांना म्हणावं, वहीत ठेवा.

त्या माणसाला डबा देशील तेव्हा झाकण तूच लाव.
आशीर्वाद आहेतच,
आयव्ही


बॅलाराटजवळ
११ एप्रिल २०२४

प्रिय आयव्हीबाय,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. उभ्यानेच वाचलं. मग पत्र आणि तुमचा कागद घेऊन जॉयलच्या कबरीवर गेले. तिथे वारा फार असतो, कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. त्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, तुमचं कुवेतचं सोडून. ते तुमचं तुमच्यापाशी.

तुम्ही एकट्या उरणार नाही. भात मी अजून दोघांचाच लावते. उद्याही दोघांचाच होईल. घर आज फार मोठं वाटतंय, बाय. तुम्ही हो म्हटल्यावर असं का वाटावं, मला कळत नाही.

आठवणीत ठेवा, लिहीत राहा.
तुमची वहिनी,
फ्लाविया

ता. क. काल पत्र पोस्टात टाकायचं राहिलं, म्हणून आणखी एक ओळ. आज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकले, डबा भरला, झाकण लावलं आणि ब्रेंडनच्या शेतावर चालत गेले.