गच्चीवरचा वाफा

३ नोव्हेंबर
विटा गच्चीवर चढल्या एकदाच्या. जिन्याने! लिफ्टमधून ‘असलं सामान’ न्यायचं नाही, हे सेक्रेटरी हितेंद्रचं फर्मान. त्याच्या बायकोची कपाटं गेली तेव्हा बरी चालली लिफ्ट.

ह्यांचे गुडघे गेले, खाली बसता येत नाही. म्हणून वाफा कमरेइतका उंच — उभ्याउभ्या हात पोचले पाहिजेत. गावची जमीन धाकट्या दिरांनी गिळली तेव्हा हे चकार शब्द बोलले नाहीत. आता इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. “माका मातयेत हात घालूचे आसत.”

७ नोव्हेंबर
वाफा उभा राहिला! गच्चीवर भार नको म्हणून तळाला नारळाची सोडणं, त्यावर रसवाल्याकडची उसाची चिपाडं, पालापाचोळा, शेणखत. माती नुसती वरच्या थराला. हे बादली धरून उभे, चेहरा लग्नातही एवढा फुलला नव्हता.

शेजारची अंबिका डोकावली. “काय गो नलू, वृंदावन बांधतंस?” म्हटलं, वांगी लावणार. नाक मुरडून गेली.

९ नोव्हेंबर
कमिटीची मीटिंग. गळती होईल म्हणे! अजून थेंब नाही पडला खाली. येत्या रविवारी माणसं आणून वाफा तोडणार. ज्यांची पोरं मी अंगाखांद्यावर वाढवली, ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. गरज सरो, वैद्य मरो.

हे भरल्या ताटावरून उठले.

१३ नोव्हेंबर
वाफ्यात दत्ताची तसबीर! काच तडकलेली. घरात नकोसा झालेला देव पिंपळाखाली नेऊन ठेवायचा, ही आपली जुनी रीत. पण माझा वाफा म्हणजे काय पिंपळाचा पार आहे? बरं, देवाला कचऱ्यात टाकायचं तर माझाही हात धजत नाही.

१४ नोव्हेंबर
आज आणखी तीन. एक देव बसलेला दिसला की बाकीच्यांना धीर येतो, मेल्यांना.

१६ नोव्हेंबर
माणसं हातोडे घेऊन आली. तसबिरी बघितल्या आणि चपला काढून मागे सरली! हितेंद्रने चक्क हात जोडले. “काकी, आता कसं तोडणार? देवाचं स्थान झालं ना.”

वाफा वाचला. मी खुळी, घरी येऊन शिरा केला.

१९ नोव्हेंबर
वांग्याची रोपं घेऊन गेलो दोघं. अंबिका आडवी! “देवाच्या पायाशी शेणखत कालवतंस? झेंडू लाव हवं तर.” तिच्या मागे सगळा मजला. हे रोपं छातीशी धरून परत फिरले. मला इतकी लाज वाटली — त्यांची नाही, ह्या माणसांत जन्म काढला त्याची.

२२ नोव्हेंबर
वाफ्याला जाळी बसली. वर कुलूप. किल्ली हितेंद्रकडे. रोपं बाल्कनीत सुकली.

२३ नोव्हेंबर
सकाळी ह्यांच्यासमोरच मोठ्याने म्हटलं, ज्याने तो पहिला दत्त आणून ठेवला त्याचे हात झडोत! ह्यांनी आपले तळवे उलगडून बघितले. मग म्हणाले, “मियाच आणून ठेवलंय. पिंपळाखालसून. वाफो मोडतले म्हणान.”