तिसरा प्रयत्न, दोन यार्ड

शनिवार, १२ सप्टेंबर १९९८

हरलो. ६–२४. सामना एकला सुरू, चारला संपला. हवा कोरडी. मार्लिसच्या जागेवर बसलो — ओळ चौदा, जागा सात. ती एप्रिलमध्ये गेली, मी दुकान जूनमध्ये विकलं. सव्वीस वर्षं ती तिथे बसायची आणि मी औषधांच्या काउंटरमागे रेडिओवर तोच सामना ऐकत गोळ्या मोजायचो.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढंच तर आहे. पण आपल्या कॉलेजच्या आक्रमणाच्या चाली ठरवणारा हा नवा कोच स्ट्रोबेल! पहिल्या प्रयत्नाला चेंडू मधून. दुसऱ्याला पुन्हा मधून — जिथे समोरच्यांचे पाच रेडे उभे! तिसऱ्याला घाबरून आखूड पास. चौथ्याला लाथ मारून चेंडू त्यांच्या स्वाधीन.

शेजारी व्हर्लिन, शेतकरी. मका आणि डुकरं, दोन्ही भरपूर, आवाजही भरपूर. "मार्लिसचा नवरा ना तू? ये, बस!" मग आपल्या गाडीतून एक लाल उशी घेऊन आला, बाकावर घालायची, कोपरा उसवलेला. मार्लिसची. इतकी वर्षं त्याच्या गाडीत होती. मला ठाऊकही नव्हतं.

शनिवार, २६ सप्टेंबर

हरलो. ती इथे ओरडायची म्हणे! घरी मीठ मागायची तेही हळू आवाजात.

मागच्या ओळीत डार्लीन बसते, निवृत्त शिक्षिका, हातात वाजवायला गाईच्या गळ्यातली घंटा. म्हणाली, "अहो, काय गळा होता तिचा! आधीच्या कोचला एकदा म्हणाली, 'अरे, माझी सासू वॉकर घेऊनसुद्धा याहून भरभर वळायची!'" सगळी ओळ हसली. ती सासू म्हणजे माझी आई. मीही हसलो.

व्हर्लिन सांगतो, ती हॉटडॉगवर कच्चा कांदा घ्यायची, मूठभर. माझ्या पोटामुळे आमच्या घरी कच्चा कांदा कधी आलाच नाही.

रविवार, २७ सप्टेंबर

चर्चमध्ये व्हर्लिन दिसला. दुसऱ्या दाराने बाहेर पडलो.

शनिवार, १० ऑक्टोबर

१०–३१. दर तिसऱ्या प्रयत्नाआधी व्हर्लिन वळून माझ्याकडे बघतो. थांबतो. मग मान परत मैदानाकडे. मागे डार्लीनची घंटाही तेवढा वेळ गप्प. कळतं मला. तिला शोधतात, आणि सापडतो हा मुका ओंडका.

आज तिसरा प्रयत्न होता, दोनच यार्ड हवे होते. समोरचे सगळे मध्ये दाटलेले. बाहेरून जा ना, बाबा! डावीकडे अख्खं कुरण मोकळं! अर्थात बोललो नाही. स्ट्रोबेलने चेंडू मधूनच पाठवला. एक यार्ड मागे आलो.

व्हर्लिनने डोक्याला हात लावला. "मार्लिस असती तर!" असती तर काय, ते त्याला माहीत. मला नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर

साडेपाचला ती घरी यायची तेव्हा गाल लाल असायचे. मला वाटायचं, थंडीने. बटाटे चढवायची. जेवताना मी रेडिओवर ऐकलेलं दोन-चार वाक्यांत सांगायचो — कुठली चाल चुकली, काय करायला हवं होतं, का. ती "हं" म्हणायची आणि रस्सा पुढे सरकवायची. वाटायचं, खेळाला कंटाळून आली असेल.

कंटाळली नव्हती. सगळं बोलून आली होती — तिथे. माझ्या वाट्याला "हं".

अडुसष्टाव्या वर्षी एका डुक्करवाल्याचा हेवा! लिहायलाही लाज वाटते. पण वाटतो. फार वाटतो.

शनिवार, २४ ऑक्टोबर

पुन्हा हरलो. पुन्हा मधून, मधून, मधून. पुढच्या वर्षीही जागा राखायची का, ते विचारायला कॉलेजचं पत्र आलंय. व्हर्लिन म्हणाला, "तुझं मन लागत नसेल तर सांग हं. माझी सून बसेल. जागा रिकामी नको."

जागा सोडणार. पण त्याच्या सुनेला नाही! कॉलेजला परत. बसू दे कोणी परका.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

जागा सोडत असल्याचं पत्र लिहिलं. पाकिटावर पोस्टाचं तिकीट लावलं. टाकायचं राहिलं.

शनिवार, ७ नोव्हेंबर

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. ३–१७.

उशी व्हर्लिनला परत दिली. म्हटलं, "पुढच्या वर्षी मी नाही. जागा सोडतोय."

त्याने उशीचा उसवलेला कोपरा आत दाबला. "मग तिसऱ्या प्रयत्नाला आम्ही बघायचं कोणाकडे?"

"मार्लिस गेली, व्हर्लिन."

"अरे, मार्लिसला चालींतलं काय कळत होतं! ती नुसती उठून ओरडायची, 'नॉर्बर्ट म्हणतो, बाहेरून जा! नॉर्बर्ट म्हणतो, पहिल्याच प्रयत्नाला लांब फेक!' सव्वीस वर्षं ऐकलं आम्ही. आता नॉर्बर्ट स्वतः येऊन बसला, तर तोंडात गुळणी धरल्यासारखा!"

डार्लीन मागून म्हणाली, "आम्हाला वाटलं, आमच्यावर रागावलात."

उशी त्याच्या हातातून परत घेतली आणि बसलो.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सामना परगावी. रेडिओ लावून बटाटे सोलत होतो. तिसरा प्रयत्न, दोन यार्ड. "बाहेरून!" — ओरडलोच. सोलाणं सिंकमध्ये पडलं. स्ट्रोबेल मधून गेला.

बटाटे उकळायला लागल्यावर ते न टाकलेलं पाकीट वाफेवर धरलं. पोस्टाचं तिकीट अख्खं निघालं.